विणाऱ्या माद्यांच्या खुराकात तेल: किती, कोणतं आणि पिल्लांना नेमका काय फायदा?

प्रश्न | कृष्णाकाठ_वराह

डुकरांच्या ३० माद्या आहेत, लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि तिचे संकर. दूध पाजणाऱ्या माद्यांचा खुराक घरीच मिसळला जातो. १०० किलोत मका भरडा ६२, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) २२, गव्हाचा कोंडा १३, आणि मिनरल मिक्स्चर, मीठ, प्रिमिक्स (जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण) मिळून ३. वरून तेल काहीच नाही.

हिवाळ्यात मादी ५ किलोपर्यंत खाते, एप्रिल-मेमध्ये साडेतीनवर येते. वेताला सरासरी १० पिल्लं जिवंत जन्मतात, त्यातली दोन पहिल्या तीन दिवसांत जातात. २८ व्या दिवशी दूध तोडतो. उन्हाळ्यातल्या वेतानंतर मादी खंगलेली असते आणि माजावर यायला १०-१२ दिवस घेते.

फॅटी ॲसिड द्या असं सगळेच सांगतात, पण प्रत्येकाचं वेगळं. कोणी २ टक्के सोयाबीन तेल म्हणतो, कोणी जवस, कोणी माशाचं तेल. दुकानदार 'ओमेगा पावडर' आणि गाईंचं बायपास फॅट पुढे करतो. घरात खोबरेलही आहे. यातलं काय, किती आणि कोणत्या दिवसापासून? आणि मरतुक खरंच कमी होते का?

---

खुराकगणित

आधी एक सवय सोडा, टक्क्यात विचार करायची. मादीला टक्के कळत नाहीत, पोटात दिवसाला किती ग्रॅम गेलं ते कळतं. तुमचा उन्हाळ्याचा घोळ तिथेच आहे.

हिशेब मांडू. दूध पाजणारी बरी मादी दिवसाला ८ लिटर दूध देते असं धरा. डुकरिणीच्या दुधात ७ टक्क्यांच्या आसपास फॅट असतं, म्हणजे रोज ५६० ग्रॅम फॅट अंगातून बाहेर. त्यात लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६ गटातलं फॅटी ॲसिड) १२ ते १५ टक्के धरलं तर रोज ७० ते ८० ग्रॅम लिनोलेइक पिल्लांच्या पोटात जातं. हे आम्ल मादीला अंगात तयार करता येत नाही, खुराकातूनच यावं लागतं.

आता तुमचा खुराक. मक्यातून, कोंड्यातून आणि डीओसीतून मिळून त्यात लिनोलेइक साधारण दीड टक्क्याच्या आत-बाहेर आहे. हिवाळ्यात ५ किलो खाल्लं की ७०-७५ ग्रॅम, म्हणजे जमाखर्च कसाबसा जुळतो. उन्हाळ्यात साडेतीन किलोवर ५० ग्रॅम. रोज २०-३० ग्रॅमचा तोटा, तोही २८ दिवस. तो पाठीच्या चरबीतून भरून निघतो. दुधाला लगेच फरक दिसत नाही, फटका पुढच्या माजाला आणि गाभ टिकण्याला बसतो. १०-१२ दिवसांचा उशीर सगळा यामुळेच असेल असं नाही, एकूण ऊर्जा आणि लायसिन (प्रथिनातलं एक आवश्यक अमिनो आम्ल) कमी पडल्यानेही तसंच होतं. पण हे तिन्ही एकाच वेळी कमी पडतंय, कारण मादी खातच नाही.

एनआरसीच्या (अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या) २०१२ च्या तक्त्यात लिनोलेइक खुराकाच्या फक्त ०.१ टक्का दिलंय. त्या हिशेबाने कोणताही मक्याचा खुराक पास होतो. नंतर नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासांतून जो आकडा पुढे आला तो फार वरचा आहे: दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला १०० ते १२५ ग्रॅम लिनोलेइक आणि सोबत १० ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३ गटातलं). भरपूर दूध देणाऱ्या माद्यांसाठी हाच धरून चाला.

सोयाबीन तेलात लिनोलेइक ५३ टक्क्यांच्या आसपास आणि अल्फा-लिनोलेनिक ७ टक्के. हिवाळ्यात ५ किलो खुराकात २ टक्के तेल म्हणजे रोज १०० ग्रॅम. लिनोलेइक ७० अधिक ५३, झाले सव्वाशेच्या जवळ. अल्फा-लिनोलेनिक ३ अधिक ७. बरोबर बसलं. हेच २ टक्के उन्हाळ्यात साडेतीन किलोवर दिलं तर लिनोलेइक ८५ आणि दुसरं ७. नाही पुरत. म्हणून उन्हाळ्यात ४ टक्के.

पण नुसतं तेल ओतून चालणार नाही. तेलाची ऊर्जा किलोला ८,६०० किलोकॅलरी, मक्याची ३,४०० च्या आसपास. ४ किलो मका काढून ४ किलो तेल घातलं की खुराक ऊर्जेने ६ टक्क्यांनी जड होतो, पण लायसिन तेवढंच राहतं. तुमच्या आत्ताच्या मिश्रणात एकूण लायसिन ०.८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, ते आधीच तोकडं आहे. उन्हाळ्यासाठी असं बसवा: मका ६०, डीओसी २६, कोंडा ७, तेल ४, मिनरल-मीठ-प्रिमिक्स ३, आणि वर १०० किलोला १०० ग्रॅम लायसिन एचसीएल. लायसिन १ टक्क्यावर येतं.

तेल उन्हाळ्यात जास्त उपयोगी पडतं त्याला आणखी एक कारण. तेल पचवताना अंगात उष्णता कमी तयार होते, कोंडा आणि जादा प्रथिनं पचवताना जास्त. म्हणून कोंडा कमी करून तेल वाढवायचं. मात्र कोंडा ७ वर आणला की विण्याच्या आधी मादीला बद्धकोष्ठ होण्याचा धोका वाढतो. त्या ४-५ दिवसांत हिरवा चारा किंवा वेगळा मूठभर कोंडा द्या आणि पाणी तोडू नका. पाण्याच्या निपलमधून मिनिटाला निदान २ लिटर पाणी यायला हवं. मग्गा आणि घड्याळ घेऊन एकदा मोजा. निम्म्या शेडमध्ये खुराक कमी जाण्याचं कारण तिथेच सापडतं.

मरतुकीचं वेगळं लिहितो, ते गणित इतकं सरळ नाही.

---

खुराकगणित

मरतुक. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात चरबी १ ते २ टक्केच असते, आणि तीही बहुतेक पेशींच्या बांधणीतली, जाळायला उपयोगाची नाही. डुकराच्या वारेतून लांब साखळीची फॅटी ॲसिडं फारच थोडी पार होतात. त्यामुळे गाभण मादीला कितीही तेल पाजलं तरी पिल्लू गुबगुबीत जन्मत नाही. त्याच्याकडे असतो तो यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजनचा (साखरेच्या साठवलेल्या रूपाचा) साठा, तो पहिल्या दिवसात संपत येतो. पुढे सगळं चिकावर.

म्हणजे तेलाचा फायदा चिकातलं आणि दुधातलं फॅट वाढल्यानं होतो, आणि त्यालाही अटी आहेत. जुना, अजूनही टिकून असलेला ठोकताळा असा की विण्याआधी मादीच्या पोटात एकूण निदान १ किलो जादा फॅट गेलेलं असावं, आणि फायदा दिसतो तो जिथे पिल्लं जगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली आहे तिथे. तुम्ही बरोबर काठावर आहात. गाभण मादी दिवसाला अडीच किलो खाते, ४ टक्क्यांनी रोज १०० ग्रॅम तेल, म्हणजे १ किलो व्हायला १० दिवस. ११४ दिवसांचा गाभणकाळ धरून १०४ व्या दिवसापासून सुरू करा. फक्त शेवटच्या ३ दिवसांत दिलेल्या तेलाचा चिकावर फारसा परिणाम होत नाही.

त्याच्या आधी, गाभणकाळाच्या मधल्या महिन्यांत, तेल देऊ नका. मादी चरबट होते, विताना अडते आणि व्याल्यावर कमी खाते. पाचपैकी ३ ते ३.५ अंगस्थिती बास.

---

रानमळा

तेलावर एवढं लिहिलंत, पण पहिल्या तीन दिवसांत दोन पिल्लं जातात ती कशाने, हे आधी बघायला नको का? चेंगरून गेलेल्या पिल्लाला तेल काय करणार? मेलेलं पिल्लू फेकायच्या आधी पोट दाबून किंवा फाडून बघा. पोट रिकामं असेल तर ते उपाशी आणि गारठलेलं होतं, चेंगरणं ही नंतरची गोष्ट. पोटात दही झालेलं दूध असेल तर ते धडधाकट पिल्लू चेंगरलंय, तिथे दोष क्रेटचा (विण्याच्या पिंजऱ्याचा) किंवा जागेचा.

पिलांच्या कोपऱ्यात पहिले दिवस ३२ ते ३४ अंश लागतात. मादीला मात्र २० च्या आसपास बरं वाटतं. म्हणून दिवा कोपऱ्यावर, मादीच्या डोक्यावर नाही. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढून झोपली तर कमी ऊब, कडेला पळाली तर जास्त. एका थरात अंग टाकून झोपली की बरोबर.

---

डॉ_विण_आणि_वेत

रानमळांचा मुद्दा रास्त आहे. पिल्लाला पहिल्या २४ तासांत २०० ते २५० ग्रॅम चीक मिळाला पाहिजे, आणि २४ ते ३६ तासांनंतर आतड्यातून प्रतिपिंडं आत जाणं बंद होतं. १० पेक्षा मोठं वेत असेल तर आधी जन्मलेली, पोट भरलेली पिल्लं दिव्याखालच्या पेटीत तास-दीड तास अडवून हलक्या पिल्लांना सडाला लावा. पैसा लागत नाही, आणि कोणत्याही तेलापेक्षा जास्त पिल्लं वाचतात.

मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. तेल वाढवताना ई जीवनसत्त्व कोणी वाढवत नाही, आणि त्याची किंमत पिल्लं मोजतात.

तेलातली अनेक दुहेरी बंध असलेली आम्लं अंगात लवकर ऑक्सिडाइझ होतात, आणि त्यांना आवरायला ई जीवनसत्त्व खर्च होतं. ढोबळ नियम असा: अशा आम्लाच्या प्रत्येक ग्रॅममागे ३ मिलिग्रॅम जादा ई. १०० ग्रॅम सोयाबीन तेलात ती ६० ग्रॅम, म्हणजे दिवसाला १८० मिलिग्रॅम. ५ किलो खुराकात वाटलं तर किलोला ३६. मूळची गरज किलोला ४४ एकक (इथे एक एकक म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम), तेव्हा एकूण ८० च्या आसपास हवं. ५० टक्के ताकदीची ई पावडर १०० किलो खुराकाला ८ ग्रॅम जादा घातली की ४० मिलिग्रॅम वाढतात. ही २ टक्के तेलाची मात्रा. ४ टक्क्यांना १६ ग्रॅम. आधी किलोभर भरड्यात घोळून मगच मिक्सरमध्ये टाका, ८ ग्रॅम पावडर क्विंटलभर खुराकात थेट पसरत नाही.

आता खरा धोका. ई वारेतून फार कमी जातं, पिल्लाला ते चिकातून मिळतं. मादीच कमतरतेत असेल तर पिल्लंही कमतरतेत. अशा पिल्लाला तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, म्हणजे आयर्न डेक्स्ट्रान, दिलं की तेच लोह विषासारखं काम करतं. स्नायू फुटतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि काही तासांत ते दिवसभरात पिल्लं पटापट मरतात. एकदोन नव्हे, वेतच्या वेत. उघडून पाहिलं तर मांडीचे स्नायू शिजवलेल्या मासळीसारखे फिके, आणि सुईच्या जागी भोवती गडद डाग. लोक समजतात औषधाची बॅच खराब होती. बॅच बदलतात, पुन्हा तेच.

म्हणून लोह बंद करू नका, २०० मिलिग्रॅम लोहाशिवाय पिल्लं पंडुरोगाने खचतात. मादीचं ई आणि सेलेनियम विण्याच्या महिनाभर आधीपासून नीट ठेवा. ज्या शेडमध्ये असा प्रकार झालाय तिथे लोहाच्या आदल्या दिवशी पिल्लांना ई-सेलेनियम देतात, पण ते पशुवैद्यकाकडूनच. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं, अंदाजाने सिरिंज भरू नये.

अजून एक गैरसमज. प्रिमिक्समधलं ई हे ॲसिटेट रूपात असतं. ते पोटात गेल्यावर मोकळं होतं आणि जनावराला वाचवतं, पोत्यातल्या तेलाला वाचवत नाही. तेल खवट होऊ नये म्हणून बीएचटीसारखा ऑक्सिडेशनविरोधी पदार्थ वेगळा लागतो. तो खुराकात नाही, तेलाच्या कॅनमध्येच मिसळायचा.

---

कृष्णाकाठ_वराह

लोहाचा मुद्दा माहीत नव्हता, धन्यवाद डॉक्टर. सोयाबीन तेल ठरलं. मग जवस आणि माशाचं तेल सोडूनच द्यायचं का? आणि मिक्सर आडवा नाही, उभा आहे, त्यात तेलाचे गोळे होतात असं ऐकलंय.

---

तारली_आणि_तेल

माशाचं तेल सोडू नका, पण त्याचं काम वेगळं आहे हे लक्षात घ्या. सोयाबीन तेल मादीचा जमाखर्च भरून काढतं. माशाचं तेल पिल्लाच्या मेंदूसाठी आणि त्याच्या दाहाच्या प्रतिसादासाठी. त्यातलं डीएचए (ईपीएसारखंच माशाच्या तेलातलं लांब साखळीचं ओमेगा-३) गाभणकाळाच्या शेवटी वारेतून थोडं पोचतं आणि दुधातून बरंच. डुकराच्या मेंदूची झपाट्याने वाढ विण्याच्या आधीच्या आठवड्यांत आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांत होते, म्हणून शेवटचा महिना आणि दुधाचा काळ हीच वेळ.

मात्रा ०.५ टक्का, म्हणजे १०० किलोला अर्धा किलो. तारलीच्या तेलात ईपीए आणि डीएचए मिळून साधारण पाव हिस्सा असतात. अडीच किलो खाणाऱ्या गाभण मादीला रोज १२ ग्रॅम तेल, त्यात ३ ग्रॅम कामाचं. यापुढे वाढवण्यात शहाणपण नाही. ओमेगा-३ जास्त झालं की पिल्लाच्या अंगातलं ॲराकिडोनिक आम्ल घटतं, आणि वाढीला तेही लागतं. मोठ्या मात्रेत पिल्लं हलकी जन्मल्याची नोंद आहे, गाभणकाळही थोडा लांबतो. 'चांगलं आहे, अजून थोडं घाल' हा प्रकार इथे उलटतो.

रत्नागिरी-मालवण भागात डबाबंद कच्चं तेल स्वस्तात मिळतं. ते घेताना नाकावर विसंबू नका, माशाचं तेल ताजं असलं तरी वास येतोच. प्रयोगशाळेतून पेरॉक्साइड आणि ॲनिसिडिन हे खवटपणाचे दोन्ही आकडे मागा. पेरॉक्साइड ५ च्या आत, ॲनिसिडिन २० च्या आत. एकटा पेरॉक्साइड फसवतो: तो आधी चढतो आणि तेल पुरतं बिघडलं की पुन्हा उतरतो. जुन्या तेलाचा आकडा म्हणूनच कधीकधी लाजवाब येतो. तेल काळ्या किंवा निळ्या एचडीपीई कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरून ठेवा. पितळी तोटी, तांब्याची नळी, गंजका पत्रा नको, धातू तेलाला लवकर खवट करतात. कॅन फोडला की तीन आठवड्यांत संपवा.

जवस विदर्भात सहज मिळतो म्हणून तिकडे वापरतात, पण जवसातलं अल्फा-लिनोलेनिक डुकराच्या अंगात डीएचएपर्यंत फार थोडं पोचतं. जवस माशाच्या तेलाची जागा घेत नाही. १० ग्रॅमचा कोटा भरायला मात्र उत्तम: दाण्यात ४० टक्के तेल आणि त्यातलं निम्मं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे १०० ग्रॅम जवसात २० ग्रॅम. साडेतीन किलो खुराकात २ टक्के जवस टाकला तरी १४ ग्रॅम होतात. अख्खा दाणा शेणात तसाच बाहेर येतो, तेव्हा दळूनच द्या, आणि दळलेला तीन-चार दिवसांवर ठेवू नका. कच्चा दळलेला जवस कोमट पाण्यात भिजवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. ओलाव्यात त्यातला सायनाइड असलेला पदार्थ सुटायला लागतो. भाजून दळला तर ती भीती बरीच कमी होते. ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका.

दुकानदाराचं बायपास फॅट: ती पाम तेलाची कॅल्शियमची साबणी आहे. गाईच्या कोठीपोटातून सुखरूप पुढे जावं म्हणून केलेली. डुकराला कोठीपोटच नाही, मग बायपास कशाला? त्यात पामिटिक भरपूर, लिनोलेइक दहा टक्क्यांच्या आत, चव साबणाची. मादी तोंड फिरवते. 'ओमेगा पावडर'च्या पाकिटावर ईपीए-डीएचएचे ग्रॅम छापलेले नसतील तर खाली ठेवा. सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलेइक आम्ल) असं लिहिलेलं असेल तर लांबच राहा, त्याने दुधातलं फॅट घटतं, आपल्याला नेमकं उलट हवंय.

खोबरेलात लॉरिक आम्ल अर्ध्याच्या जवळ, लिनोलेइक जेमतेम २ टक्के. ऊर्जेला चालेल, कोटा भरणार नाही. किलोपेक्षा हलक्या पिल्लाच्या तोंडात खोबरेल सोडतात, तेही १ मिलिलिटरच्या वर नको. पोटात चीक नसताना तेल सोडलं की पिल्लू पेंगतं आणि सडाला लागायचं राहतं. आधी चीक.

---

खुराकगणित

उभ्या मिक्सरचं. सगळं कोरडं आधी ५ मिनिटं फिरवा. दरम्यान १० किलो मका भरडा वेगळा काढून ताडपत्रीवर पसरा, तेल ऊन-कोमट करून झारीने त्यावर सोडा आणि हाताने चोळा, मुठीत धरलं तर गोळा व्हावा पण दाबल्यावर फुटावा. तो भरडा थोडाथोडा करून चालू मिक्सरमध्ये टाका, वरून आणखी ८-१० मिनिटं. तेल थेट ओतलं तर स्क्रूला चिकटून तिथेच बसतं, पहिल्या पोत्यात काही नाही आणि शेवटच्या पोत्यात चिकट लगदा.

तेल ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की मॅश (भरड खुराक) फीडरमध्ये कमान धरतो, खाली उतरत नाही. तेल घातलेला खुराक उन्हाळ्यात ७ दिवसांत संपवायचा, कारण मिनरल मिक्स्चरमधलं तांबं आणि लोह तेलाच्या जोडीने पोत्यातच काम सुरू करतात. उन्हाळ्यात खुराक पहाटे ५ आणि रात्री ९ ला, दुपारी फक्त पाणी. गव्हाणीत उरलेला तेलकट थर रोज खरवडा, खवट थरावर नवीन खुराक पडला की मादी वास घेऊन मागे सरते आणि आपण म्हणतो उन्हाने खात नाही.

---

रानमळा

हॉटेलचं उरलेलं अन्न घालणाऱ्यांसाठी एक, कारण गोव्यात आणि शहरांच्या कडेला तेच जास्त चालतं. त्यात फॅट आधीच भरपूर असतं, पण बरंचसं तळणीचं, पुन्हापुन्हा तापवलेलं. त्यावर वरून तेल घालू नका, ई तेवढं वाढवा. आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आहे. असं अन्न ९० अंशांवर निदान तासभर, ढवळत ठेवून शिजवल्याशिवाय शेडच्या दारातही आणू नका. वर उकळी दिसते आणि तळाशी गार गोळे राहतात, ढवळण्याला महत्त्व त्यासाठी.

---

कृष्णाकाठ_वराह

मग असं करतो: १०४ व्या दिवसापासून ४ टक्के सोयाबीन तेल, व्याल्यावर खाणं ५ किलोवर गेलं की २ टक्के, साडेतीनवरच अडकलं तर ४ तसंच ठेवणार. शेवटचा महिना आणि दुधाच्या काळात माशाचं तेल ०.५. ई तेलाच्या प्रमाणात ८ किंवा १६ ग्रॅम. निम्म्या माद्यांना जुना खुराक, निम्म्यांना नवा. मोजायचं काय?

---

डॉ_विण_आणि_वेत

निम्म्या-निम्म्या करताना पहिल्या वेताच्या आणि जुन्या माद्या दोन्हीकडे सारख्या वाटा, नाहीतर फरक वयाचा दिसेल आणि नाव तेलाचं होईल. ई दोन्ही गटांना द्या, लोहाच्या बाबतीत प्रयोग नको.

मोजायचं ते असं. पिल्लांचं वजन जन्मल्यावर आणि २१ व्या दिवशी, वेताचं एकूण. मेलेल्या पिल्लाचा दिवस आणि पोट रिकामं की भरलेलं. मादीचा रोजचा खुराक, उरलेला वजा करून. दूध तोडल्यापासून माजापर्यंतचे दिवस. शेवटचा आकडा लगेच पहिल्या वेतात न हलला तर तेल बंद करू नका, चरबीतला तोटा दुसऱ्या-तिसऱ्या वेतापर्यंत साचत गेलेला असतो. १५-१५ माद्यांत मरतुकीचा एखाददुसऱ्या पिल्लाचा फरक योगायोगानेही पडतो. २१ व्या दिवसाचं वजन आणि माजाचे दिवस जास्त खरं बोलतील.